पेनांगचं 'ई अँड ओ', सिंगापूरचं 'रॅफल्स' आणि सार्कीस बंधू

गलबत

सिंगापूरच्या 'रॅफल्स' हॉटेलचं नाव बहुतेकांनी ऐकलेलं असतं. ते कोणी काढलं असं विचारलं, तर तिथे वर्षानुवर्षं राहिलेले आपले लोकसुद्धा "रॅफल्सनेच ना?" म्हणतात. सिंगापूर वसवणारा सर स्टॅमफर्ड रॅफल्स १८२६ ला वारला, हॉटेल उघडलं १८८७ ला. ते काढणारे चौघे सख्खे भाऊ होते, आडनाव सार्कीस. त्यांचं पहिलं हॉटेल सिंगापुरात नव्हतंच, ते होतं मलेशियातल्या पेनांग बेटावर. मी कामानिमित्त पेनांगात, बायान लेपासच्या कारखान्यांच्या पट्ट्यात राहतो. जॉर्ज टाउनला, म्हणजे इथल्या मुख्य शहरात, गेलो की समुद्रावरच्या 'ईस्टर्न अँड ओरिएंटल'च्या भिंतीशी हटकून थांबतो. या घराण्याबद्दल मराठीत सविस्तर काही वाचायला मिळालं नाही, म्हणून हा धागा.

सार्कीस आर्मेनियन. मूळ घर इराणात, इस्फहानच्या न्यू जुल्फा वस्तीत. १६०४-०५ च्या सुमारास इराणचा राजा शहा अब्बासने आरास नदीकाठच्या जुन्या जुल्फा गावातले आर्मेनियन व्यापारी उचलून आपल्या राजधानीजवळ आणून बसवले, त्यांचं हे गाव. रेशमाचा व्यापार त्यांच्या हातात होता. तिथून निघालेली माणसं सुरत, मुंबई, कलकत्ता, रंगून, पेनांग, बटाव्हिया (आजचं जकार्ता) अशी बंदराबंदरांतून पसरली. मार्टिन थोरला, मग तिग्रान, मग अवियत आणि अर्शाक हे शेंडेफळ. मार्टिन शिकलेला इंजिनियर, तर तिग्रानचा जीव व्यापारात.

१८६९ ला सुएझ कालवा सुरू झाला आणि युरोपातून पूर्वेकडे येणाऱ्या आगबोटींची रीघ लागली. कोलंबो सोडलं की मलाक्काच्या सामुद्रधुनीच्या तोंडाशी पेनांग. पुढे कथिलाच्या खाणी, मग रबराचे मळे. उतारू, मळेवाले, खाणवाले, कंपन्यांचे कारकून, सगळ्यांना रात्र काढायला बरी जागा हवी होती. १८८४ ला तिग्रान आणि मार्टिनने एस्प्लनेडसमोर 'ईस्टर्न हॉटेल' थाटलं. ते चाललं, म्हणून वर्षभरातच फार्कुहार स्ट्रीटवर समुद्राला पाठ लावून असलेलं 'ओरिएंटल' घेतलं. १८८९ ला पहिल्या जागेचा भाडेपट्टा संपला, तेव्हा दोन्ही नावं एकत्र करून 'ईस्टर्न अँड ओरिएंटल' झालं. गावात सगळे त्याला 'ई अँड ओ'च म्हणतात.

तिग्रान एवढ्यावर थांबणारा नव्हता. सिंगापुरात बीच रोडवर, समुद्रकाठी, एक जुना बंगला होता, मालक सय्यद मोहम्मद अलसागोफ हे अरब व्यापारी. तो भाड्याने घेऊन १ डिसेंबर १८८७ ला 'रॅफल्स' उघडलं, खोल्या अवघ्या दहा. दोन वर्षांनी तरुण इंग्रज लेखक किपलिंग तिथून गेला. जेवण उत्तम, खोल्या वाईट, तेव्हा जेवा इथे आणि झोपायला 'हॉटेल द ल'युरोप'ला जा, अशा अर्थाचं त्याने लिहिलं. तिग्रानने त्यातलं जेवणाचं तेवढं उचललं आणि जाहिरातीत छापलं. आणि खोल्या सुधारल्यासुद्धा! आधी दोन नवे भाग जोडले, मग १८९९ ला स्वान अँड मॅक्लॅरेन या वास्तुरचनाकारांच्या पेढीतल्या बिडवेलने आखलेली ती आजची पांढरी मुख्य इमारत उभी राहिली. विजेचे दिवे, विजेचे पंखे, हॉटेलचं स्वतःचं जनित्र. जमीन मात्र अलसागोफांचीच राहिली. हे लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

अवियतने रंगून धरलं, १९०१ ला नदीकाठी 'स्ट्रँड' सुरू केलं. पेनांगच्या टेकडीवर हवापालट करणाऱ्यांसाठी 'क्रॅग हॉटेल' निघालं. आणि 'ई अँड ओ' आलं धाकट्या अर्शाकच्या हातात.

मला सर्वांत जवळचा वाटतो तो हाच. तिग्रानची नजर हिशेबावर, तर अर्शाकची समोरच्या माणसावर. डोक्यावर व्हिस्की-सोड्याचा भरलेला पेला तोलून तो नाचघरात वॉल्ट्झ नाचायचा आणि थेंब सांडायचा नाही, ही गोष्ट पेनांगात अजून सांगतात. एखाद्या मळेवाल्याचं दिवाळं वाजलं तर याने त्याचं बिल सोडून द्यायचं, वर परतीच्या बोटीचं तिकीटही काढून द्यायचं. पैसे मिळवायला नव्हे, लोकांची सरबराई करायलाच अर्शाक हॉटेल चालवतो, असं तेव्हाही बोललं जायचं.

त्याने हॉटेल समुद्राच्या कडेने लांबवत नेलं. १९२० नंतर 'व्हिक्टरी अॅनेक्स' बांधलं. ८४२ फूट समुद्रकिनारा, जगातल्या कुठल्याही हॉटेलपेक्षा लांब, अशी जाहिरात व्हायची. गरम आणि गार नळाचं पाणी, खोलीत टेलिफोन. दिवाणखान्यावर घुमट, त्याच्याखाली मधोमध उभं राहून बोललं की आपलाच आवाज वरून परत येतो.

मग रबराचे भाव कोसळले. १९३१ च्या जानेवारीत अर्शाक गेला आणि त्याच वर्षी 'सार्कीस ब्रदर्स' पेढी दिवाळखोरीत निघाली. मार्टिन आणि तिग्रान १९१२ ला, अवियत १९२३ ला, असे बाकीचे भाऊ आधीच गेले होते. १८८४ ते १९३१, सत्तेचाळीस वर्षांत घराण्याचा हॉटेलधंदा उभा राहिला आणि संपला. इमारती अजून आहेत, त्यांच्यावर नाव मात्र दुसऱ्यांचं. कुणाला आणखी माहिती असेल तर जरूर भर घाला.

सुरंगी

अप्रतिम धागा. आजवर आम्ही 'रॅफल्स'समोर फोटो काढून परत आलो, एवढंच. एक विचारते, दादा. चारही ठिकाणं वेगवेगळ्या भावांकडे होती, तर पेनांगचं बुडाल्यावर सिंगापूरचं का बुडावं? प्रत्येकाचा गल्ला वेगळा नव्हता का?

गलबत

सुरंगीताई, नेमकं हेच दुखणं होतं. हॉटेलं वेगळी, चालवणारे हात वेगळे, पण पेढी एकच, सार्कीस ब्रदर्स. आपल्याकडे एकत्र कुटुंबात कुणी दुकान बघतं, कुणी शेती, आणि कर्ज मात्र सगळ्या घराच्या नावावर असतं, तसंच. भाव चढे असताना याचा फायदाच झाला. पेनांगच्या नावलौकिकावर सिंगापूर उभं राहिलं, सिंगापूरच्या जोरावर रंगून. अर्शाकने 'ई अँड ओ'चा विस्तार केला तो या एकत्र पतीवर. आणि घेणेकरी दाराशी आले तेव्हा तेही एकत्र पेढीच्याच दाराशी आले.

शिवाय 'रॅफल्स'ची जमीन भाड्याची. हॉटेल जगभर गाजलेलं, पण पायाखालची जागा स्वतःची नाही, म्हणजे अडीअडचणीला गहाण टाकायलाही काही नाही.

तांडेल

चांगलं लिहिलंय. एक शंका. 'रॅफल्स' समुद्रकाठचं हॉटेल कसं? मी दोनदा पाहिलंय, तिथून समुद्र दिसत नाही. आजूबाजूला नुसते टॉवर आणि मॉल.

दूरदेशी

तांडेलदादा, सिंगापूरकर म्हणून मी सांगते. बीच रोड तेव्हा खरोखर किनाऱ्याचा रस्ता होता. हॉटेलच्या पुढच्या व्हरांड्यातून रस्ता आणि रस्त्यापलीकडे लगेच पाणी. नंतर भरावावर भराव पडत गेले आणि समुद्र दूर ढकलला गेला. तुम्ही ज्या टॉवरांबद्दल म्हणताय ते त्या भरावावर उभे आहेत. मुंबईकरांना हे वेगळं सांगायला नको, बॅक बेचा भराव आपण पाहिलाच आहे. पेनांगचं 'ई अँड ओ' मात्र नशीबवान. त्याची भिंत अजून पाण्यालाच लागून आहे, भरतीला लाटा दगडांवर आपटतात, आणि हवा स्वच्छ असेल तर पलीकडे मुख्य भूमीवरचे, केडा राज्यातले डोंगर दिसतात.

वाघाची गोष्ट राहिली, ती सांगते. १९०२ च्या ऑगस्टमध्ये जवळच्या जनावरांच्या खेळातून सुटलेला वाघ 'रॅफल्स'च्या बार अँड बिलियर्ड रूमखाली शिरला. ही इमारत खांबांवर उचललेली होती, खाली मोकळी जागा. रॅफल्स इन्स्टिट्यूशन शाळा शेजारीच. तिचे हेडमास्तर फिलिप्स बंदूक घेऊन आले आणि त्यांनी तो मारला. सिंगापुरातला शेवटचा वाघ म्हणून ही गोष्ट सांगतात ते खरं नाही, तो पिंजऱ्यातून सुटलेला वाघ होता. पण हॉटेलचा उल्लेख जगभर होत राहिला. तिग्रानसारख्या माणसाला याहून जास्त काय हवं होतं!

पाखाडी

आमचं घर दापोली तालुक्यात समुद्राला लागून. वडिलांनी पडवीलगतच्या दोन खोल्यांत पाहुणे ठेवायला सुरुवात केली, गेटवर 'राहण्या-जेवणाची घरगुती सोय' अशी पाटी. आज भाऊ आणि मी मिळून चालवतो, स्वयंपाकघर आई आणि दोघी जावा बघतात. त्यामुळे हा धागा मी हॉटेलवाल्याच्या नजरेने वाचला. दोन-चार गोष्टी लिहिण्यासारख्या वाटतात.

समुद्रासमोर लोखंड टिकत नाही. खिडक्यांचे गज, बिजागऱ्या, एसीचं बाहेरचं युनिट, गिझरचा नट, सगळं खारं वारं खातं. जांभ्याची भिंत आणि चुन्याचा गिलावा टिकतो, सिमेंटमधल्या सळ्या फुगून छताचे पोपडे पडतात. पावसाळ्याआधी समुद्राच्या बाजूला झाप बांधावे लागतात, नाहीतर पाणी आडवं घरात. ८४२ फूट किनारा म्हणजे ८४२ फूट दुरुस्ती, हे मला पहिलं दिसलं. खर्च गिऱ्हाईक असो-नसो चालूच राहतो.

उधारीचं बोलायचं तर, अर्शाकला मी नावं ठेवणार नाही. आमच्याकडे नियमित येणारी काही कुटुंबं आहेत. एकाची नोकरी गेली त्या वर्षी वडिलांनी त्यांच्याकडून पैसे घेतले नाहीत. ते कुटुंब आजही येतं, आता मुलं त्यांची मुलं घेऊन येतात, आणि त्यांच्या ओळखीने किती लोक आले याची गणतीच नाही. घरगुती धंदा असाच वाढतो. ज्याला बिलाच्या पलीकडे काही दिसत नाही त्याने समुद्रावर खोल्या बांधू नयेत.

खरी मार बसते ती चढत्या काळात काढलेल्या कर्जाची. दिवाळी, नाताळ, मे महिना भरभरून जात होता तेव्हा आम्ही बँकेचं कर्ज काढून वरचा मजला बांधला. त्या वेळी तोच शहाणपणा होता, गावातल्या बऱ्याच जणांनी तेच केलं. २०२० च्या मार्चमध्ये लॉकडाऊन, मे महिना कोरडा, आणि ३ जूनला निसर्ग चक्रीवादळ. पत्रे उडाले, पोफळी मुळासकट आडव्या. झाडं परत लावली तरी सुपारी हाती यायला कितीतरी वर्षं जातात, आणि हप्ता तर महिन्याला. आम्ही त्यातून निघालो ते मुंबईला नोकरीत असलेल्या धाकट्या भावाच्या पगारावर. अर्शाकच्या मागे तसा कुणी उरला नव्हता. गलबतदादा, तुम्ही लिहिलेलं ते '१९३१ च्या जानेवारीत अर्शाक गेला' हे वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचलं.

सुरंगी

पाखाडीकाका, तुमचा प्रतिसाद वाचून गलबलून आलं. वादळानंतरचं तुमच्याकडचं चित्र आम्ही नुसतं टीव्हीवर पाहिलं होतं.

आडवाट

धागा आवडला, पण अर्शाकचं जरा जास्तच कौतुक होतंय असं माझं मत आहे. पाखाडीकाकांचे वडील स्वतःच्या घरच्या खोल्या फुकट देत होते, ती त्यांची स्वतःची झीज. अर्शाक मळेवाल्यांना बोटीची तिकिटं काढून देत होता ती पेढीच्या पैशातून, आणि पेढी देणं लागत होती. मांस-मासळी पुरवणारे, धोबी, सुतार, गवंडी, पगाराची वाट बघणारे नोकर, यांचं काय झालं असेल पेढी बुडाल्यावर? दिलदार मालकाची गोष्ट शंभर वर्षं टिकते, बुडालेल्या धोब्याची टिकत नाही. आणि उपकार झाले ते कोणावर? बहुतेक गोऱ्या मळेवाल्यांवर. त्यांच्या मळ्यांत रबराचा चीक काढणाऱ्या तमिळ मजुरांना मंदीत हजारोंच्या संख्येने बोटीत घालून मायदेशी परत पाठवलं. त्यांच्यासाठी कुठल्याच हॉटेलात नाच नव्हता.

गलबत

आडवाट, तुमचा मुद्दा रास्त आहे आणि तो धाग्यात यायलाच हवा होता. मलायातल्या रबराचा सगळा डोलारा तमिळ मजुरांच्या पाठीवर उभा होता, आणि 'ई अँड ओ'च्या नाचघरातला उजेडही शेवटी त्याच रबरातून येत होता.

पण पेढी अर्शाकच्या दानतीने बुडाली असं मला वाटत नाही. बिलं माफ करून एवढी मोठी पेढी बसत नाही, त्यासाठी बांधकामाची देणी लागतात. रबराचं गणित थोडक्यात असं: पहिल्या महायुद्धानंतर भाव पडले, म्हणून १९२२ ला ब्रिटिशांनी स्टीव्हन्सन योजना आणली. मलाया आणि सिलोनमधून बाहेर जाणाऱ्या रबरावर मर्यादा घातली, म्हणजे भाव चढावा. अमेरिकेत मोटारी वाढत होत्या, टायरला रबर लागत होतं, आणि १९२५ ला भाव खरोखर आकाशाला भिडला. मळेवाल्यांचे खिसे भरले ते याच वर्षांत, आणि अर्शाकचा विस्तारही याच सुमाराचा. पण डच ईस्ट इंडीज, म्हणजे आजचा इंडोनेशिया, या योजनेबाहेर होतं. तिथल्या लहान शेतकऱ्यांनी भराभर रबर लावलं, ब्रिटिशांचा बाजार खाल्ला, आणि १९२८ च्या नोव्हेंबरला योजना गुंडाळावी लागली. वर्षभरात न्यूयॉर्कचा शेअरबाजार कोसळला, मोटारींचा खप बसला. पेनांगातला मळेवाला उपाशी तर 'ई अँड ओ' उपाशी. एकाच पिकावर जगणाऱ्या गिऱ्हाइकावर हॉटेल जगत होतं. अर्शाक कितीही कंजूष असता तरी हे टळलं नसतं. कर्ज थोडं कमी निघालं असतं, एवढंच.

आडवाट

रबराचा हिशेब पटला. नोकर आणि पुरवठादारांबद्दलचं माझं म्हणणं कायम.

माजघर

नोकरांवरून आठवलं. मलाया-सिंगापुरातल्या हॉटेलांची स्वयंपाकघरं आणि बार बहुतांशी हैनानी लोक चालवायचे. हैनान बेटावरून आलेले चिनी इतर चिनी गटांच्या मानाने उशिरा पोचले, तोवर व्यापाराच्या जागा हॉक्किएन आणि तेओच्यू लोकांनी धरलेल्या. मग हे शिरले गोऱ्यांच्या घरांत, बोटींवर आणि हॉटेलांत, आचारी आणि वाढपी म्हणून. चिकन चॉप, डुकराच्या मांसाचे तळलेले तुकडे, त्यावर दाट रस्सा आणि मटार-बटाटे, ही 'हैनानी वेस्टर्न' पाककला त्यातून जन्मली. १९३० च्या मंदीत आणि युद्धानंतर साहेब लोक कमी झाले तशी यातल्या अनेकांनी आपापली कॉफीची दुकानं काढली. नारळाचा काया जॅम लावलेला टोस्ट आणि अर्धवट उकडलेली अंडी, हा सिंगापूरचा नाश्ता त्यांचाच.

'सिंगापूर स्लिंग' हे गुलाबी पेय १९१५ च्या सुमाराला 'रॅफल्स'च्या बारमध्ये तयार झालं, करणारा न्गियाम टोंग बून, तोही हैनानीच. जिन, चेरी ब्रँडी, अननसाचा रस, लिंबू. आज जगभरचे प्रवासी त्यासाठी रांग लावतात. सार्कीसांइतकंच याचंही नाव घेतलं जावं, आडवाट म्हणतात तसं.

जुनीपानं

आर्मेनियन म्हटलं की आपल्याला वाटतं कोणी तरी लांबचे. मुंबईत फोर्टात मेडोज स्ट्रीटला, म्हणजे आताच्या नगीनदास मास्टर रोडला, १७९६ चं आर्मेनियन चर्च आहे, सेंट पीटरचं. शेजारच्या गल्लीचं नाव आर्मेनियन लेन. सुरतेला त्यांची जुनी दफनभूमी आहे. कलकत्त्याचं चर्च १७२४ चं.

आणि हॉटेलांचं म्हणाल तर कलकत्त्याला चौरंगीवरचं 'ग्रँड हॉटेल' उभं करणारा आराथून स्टीफन हाही इस्फहानकडचाच आर्मेनियन. म्हणजे एकाच गावातून निघालेल्या लोकांनी कलकत्ता, रंगून, पेनांग, सिंगापूर अशी हॉटेलांची माळच ओवली. मला यामागे एक कारण दिसतं. हे लोक ना राज्यकर्ते, ना स्थानिक. ख्रिस्ती असल्यामुळे इंग्रजांच्या टेबलावर बसू शकत, आणि इराण-हिंदुस्थानातून आल्यामुळे बाजारात घासाघीस करू शकत. दोन्ही बाजूंची भाषा येणारा माणूस हॉटेलच्या गल्ल्यावर उत्तम शोभतो. मुंबईच्या इराण्यांचं आठवून बघा.

दूरदेशी

सहमत. सिंगापूरचं आर्मेनियन चर्च १८३५ चं, हिल स्ट्रीटवर. छोटंसं, पांढरं, फार शांत. त्याच्या बागेत ॲग्नेस जोआकिमचा दगड आहे. तिने १८९३ ला ऑर्किडचा नवा संकर जगासमोर आणला, तो 'वांडा मिस जोआकिम' पुढे देशाचं राष्ट्रीय फूल झाला. तीही आर्मेनियन. आणि 'स्ट्रेट्स टाइम्स' १८४५ ला सुरू करण्यात कॅचिक मोझेस हा आर्मेनियन व्यापारी होता. मूठभर लोक, पण या गावावरचा त्यांचा ठसा बघा केवढा!

भाट्ये

रंगूनच्या 'स्ट्रँड'बद्दल रत्नागिरीकर म्हणून लिहितो. १८८५ ला इंग्रजांनी मंडाले घेतलं, थिबा राजाला पदच्युत केलं आणि पुढे आमच्या रत्नागिरीला आणून ठेवलं. सगळा ब्रह्मदेश इंग्रजांच्या हाती आला आणि रंगून बंदर तांदूळ आणि सागवानाच्या निर्यातीने फुगलं. त्याच भरभराटीवर १९०१ ला अवियत सार्कीसने 'स्ट्रँड' चालू केलं. आमच्याकडे थिबाचा राजवाडा १९१० ला बांधून झाला, तोही उंचावर, भाट्याची खाडी आणि समुद्र दिसेल असा. ज्यांनी राजाला आणून इथे बसवलं त्यांचेच पाहुणे तिकडे रंगूनला नदीकाठी चहा पीत होते. दोन्ही इमारती एकाच घटनेतून निघाल्या असं मला नेहमी वाटतं. थिबा १९१६ ला इथेच गेला.

तांडेल

भाट्येभाऊ, हे कधी डोक्यातच आलं नव्हतं. धन्यवाद.

गलबतदादा, १९३१ नंतर पुढे काय झालं तेही लिहा ना. आणि घराण्यातलं कोणीच उरलं नाही का?

गलबत

लिहितो. 'रॅफल्स' १९३३ ला सार्वजनिक कंपनी झालं. १५ फेब्रुवारी १९४२ ला सिंगापूर जपान्यांच्या हाती पडलं, तेव्हा हॉटेलचं नाव 'स्योनान र्‍योकान' केलं आणि ते जपानी अधिकाऱ्यांना दिलं. युद्ध संपल्यावर सुटलेल्या कैद्यांना काही काळ तिथे ठेवलं होतं. १९८७ ला, बरोबर शंभराव्या वर्षी, ते राष्ट्रीय स्मारक म्हणून जाहीर झालं. १९८९ ते १९९१ बंद ठेवून दुरुस्ती केली आणि १९१५ च्या सुमाराचं रूप परत आणलं. पुढे २०१७ ते २०१९ पुन्हा दुरुस्ती. आज ते मोठ्या साखळीतलं हॉटेल आहे आणि त्या साखळीचं नावच 'रॅफल्स' आहे.

'ई अँड ओ' हळूहळू जीर्ण होत गेलं. १९९६ ला बंद पडलं, २००१ ला दुरुस्त होऊन उघडलं. त्यानंतर २०१३ ला 'व्हिक्टरी अॅनेक्स'ही नव्याने सुरू झालं. मधल्या काळात, २००८ ला, जॉर्ज टाउन जागतिक वारसा यादीत गेलं. बागेतलं जुनं जावा झाड अजून आहे, त्याच्या सावलीत समुद्राकडे तोंड करून बसता येतं. चहासाठी बाहेरच्यांनाही मज्जाव नाही, पेनांगला आलात तर जरूर जा. घुमटाखाली उभं राहून मराठीत हाक मारून बघा, येते परत.

घराण्याबद्दल: जावा बेटावर सुराबायाला लुकास मार्टिन सार्कीसने १९१०-११ ला 'हॉटेल ओरान्ये' बांधलं, आराखडा पुन्हा बिडवेलचाच. जपानी आले तेव्हा त्याचं 'यामातो हॉटेल' झालं. १९ सप्टेंबर १९४५ ला डचांनी त्याच्यावर आपला तिरंगी झेंडा चढवला. खाली जमलेल्या इंडोनेशियन तरुणांपैकी काहीजण वर चढले आणि त्यांनी झेंड्याची खालची निळी पट्टी फाडून टाकली, उरला लाल-पांढरा, त्यांच्या नव्या देशाचा झेंडा. इंडोनेशियात शाळेतल्या मुलांना हा प्रसंग शिकवतात. ते हॉटेल आजही चालू आहे, नाव 'माजापाहित'.

सुरंगी

कमाल! या झेंड्याच्या घटनेबद्दल वाचलं होतं, पण ते हॉटेल याच घराण्यातल्या माणसाचं, हे आज कळलं. सुराबायाचा वेगळा धागा काढा, दादा.

पाखाडी

काढाच. आणि तुम्हा सगळ्यांपैकी कोणी दापोलीकडे आलात तर आमच्याकडे उतरा. वरचा मजला आता पुरा झालाय, समुद्राकडच्या खिडक्या या वेळी लाकडाच्याच केल्यात.